पाच ओळींचं कुटुंब

शाळेत डोळ्यांवर चढवायचे बारा व्हीआर हेडसेट आले तेव्हा नववीच्या वर्गाला वाटलं, आता इंग्रजीच्या तासाला थेट चंद्रावर जायचं. प्रत्यक्षात पहिले पंधरा दिवस कुणी भिंतीपलीकडेही गेलं नाही. बारांपैकी दोन हेडसेट खोक्यातून निघाले ते मेलेलेच. एकाचा पट्टा इतका सैल, की डोळ्यांवर चढवला की घसरून हनुवटीला लटकायचा. बाकीच्यांना चार्जिंग लागायचं, आणि ज्या जुन्या प्रयोगशाळेत हा सगळा थाट मांडला होता, तिथे चालू स्थितीतलं सॉकेट एकच होतं. तेही पंख्याचं. म्हणजे एकतर वारा खा, नाहीतर इंग्रजी शिका.

इंग्रजीचे सर गळ्यात वायरी अडकवून शाळाभर सॉकेट शोधत हिंडायचे, म्हणून त्यांचं नाव पडलं चार्जर सर. बिचाऱ्यांना या यंत्रांचं प्रशिक्षण मिळालं होतं एकूण चाळीस मिनिटं, त्यातली वीस चहात गेली होती.

"पट्टा ओढू नका. ओढू नका म्हटलं ना! आणि आत गेल्यावर मागे वळून बघायचं नाही, चक्कर येते. परवा एकजण ओकलाय. कोणी पुसलं? मी पुसलं!"

हेडसेट चढवला की एक खोली दिसायची. फिकट पिवळ्या भिंती, एक टेबल, आणि टेबलापलीकडे हिरवा स्वेटर घातलेली एक बाई. तिचं वय काही केल्या सांगता यायचं नाही. "टेल मी अबाउट युवर फॅमिली," ती म्हणायची आणि थांबायची. थांबली की तिचे ओठ किंचित विलग राहायचे आणि मान जराशी कलायची, जणू काही अगदी कान देऊन ऐकतेय. उत्तर पटलं तर "वेल डन". नाही पटलं तर "ट्राय अगेन". याच्यापलीकडे हिरव्या बाईला काही येत नव्हतं.

या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे टकळी म्हणायचे. ती एकदा बोलायला लागली की तिला थांबवायला घंटाच व्हावी लागायची. पण दीड वर्षापूर्वी हीच मुलगी हजेरीला "हजर" म्हणायची तेही बाकाला ऐकू जाईल इतपतच. तिला बोलती केली ती तिच्या आत्याने. आत्या त्यांच्याच घरात राहायची, मागच्या खोलीत चष्मे दुरुस्त करायची. कपाळावर एक चष्मा, डोळ्यांवर दुसरा, आणि तिसरा शोधत असायची. प्रेमाने वगैरे बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. "घशात काय बोळा कोंबलाय का? पुन्हा सांग. मोठ्याने. भिंतीला सांगतेयस की मला?" असं रोज संध्याकाळी अर्धा तास. टकळी रडायची, चिडायची, पाय आपटायची, आणि एक दिवस चिडून इतकं मोठ्याने बोलली की समोरच्या इमारतीतून कुणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं. आत्या म्हणाली, "हां. आता माणसात आलीस."

त्या दिवसापासून टकळी कुणाच्या बापाला ऐकत नव्हती.

हेडसेट चालू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात अख्ख्या वर्गाला "ट्राय अगेन" मिळालं. हिरव्या बाईला कुणाचंच कुटुंब पटेना. निकाल आपोआप मोठ्या बाईंच्या संगणकावर जायचा. तिथे चाळीस नावांपुढे चाळीस लाल ठिपके उमटले. पुढच्या महिन्यात तपासणी. मोठ्या बाईंनी चार्जर सरांना आत बोलावलं, दार लावून घेतलं, आणि सर बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी तोडगा काढला. बरोबर उत्तर काय असावं ते शिक्षकाने यंत्रात भरून ठेवायची सोय होती. सरांनी गाइडमधला 'माय फॅमिली' निबंध उचलला आणि तो चाळीसही जणांसाठी बरोबर उत्तर म्हणून भरून टाकला. निबंध सगळ्यांना पाचवीपासून तोंडपाठ. आम्ही घरात चौघं आहोत, आई, बाबा, आजोबा आणि मी. बाबा ऑफिसात काम करतात. आई घर सांभाळते. आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचतात. आमचं कुटुंब सुखी आहे. पाच ओळी, संपलं.

"पण सर, माझे आजोबा तर मी जन्मायच्या आधीच गेले," टकळी म्हणाली.

"मग?"

"आणि घरात आत्या आहे. आणि माझी आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते."

"अगं बाई," सरांनी गळ्यातल्या वायरीचा गुंता सोडवत म्हटलं, "चाळीस मुलांची चाळीस कुटुंबं मी कुठे टाइप करत बसू? तपासणी होऊ दे, मग तुझी आत्या, काकू, मावशी, सगळं खानदान भरू."

टकळीचा नंबर आला. तिने मुद्दाम खरं सांगितलं. आय लिव्ह विथ माय आन्ट. "ट्राय अगेन." पुन्हा तेच, मोठ्याने. "ट्राय अगेन." हिरवी बाई प्रत्येक वेळी तितकीच मान कलवून ऐकायची आणि तितक्याच गोड आवाजात नाही म्हणायची. सतरा वेळा. मागे रांगेत दंगा उसळला. बाकावरची तिची शेजारीण, जिला आंबट तोंडामुळे लिंबू म्हणत, तिने टकळीच्या पाठीत चिमटा काढला. "म्हण की एकदाचं! तुझ्या आत्याचं काय जातंय?"

टकळीने वैतागून निबंध घडाघडा म्हणून टाकला.

"वेल डन," हिरवी बाई म्हणाली.

घरी अभ्यास होता पाट्यांचा. फोनमध्ये हेडसेटबरोबरचंच एक अ‍ॅप घ्यायचं, कॅमेरा घरभर फिरवायचा, आणि पडद्यावर वस्तूवस्तूंवर इंग्रजी नावाच्या छोट्या पाट्या तरंगायला लागायच्या. टेबल. फॅन. डोअर. शब्द पाठ व्हावेत म्हणून. टकळी फोन घेऊन घरभर नाचली. आईवर "मदर" अशी पाटी बसली. पेपरात तोंड खुपसलेल्या बाबांवर "फादर". पुढच्या खोलीच्या खिडकीजवळ, जिथे काहीच नव्हतं, फक्त फरशी होती, तिथे पाटी तरंगली "चेअर".

"येडं आहे हे," टकळी म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली.

आत्या चष्म्याची काडी वाकवत होती. टकळीने फोन धरला. पाटी आली, पण आत्यावर नाही, आत्याच्या मागे. "वॉल."

"काय लिहिलंय?" आत्याने विचारलं.

"भिंत."

"मी भिंत?"

"तू नाही गं. तुझ्या मागची. तू त्याला दिसतच नाहीयेस."

"बरंय. एक तरी यंत्र मला त्रास देणार नाही," आत्या म्हणाली. "तो फोन खाली ठेव आणि हा स्क्रू शोध. तुझ्याच पायाखाली असेल, तू सगळीकडे पाय देतेस."

दुसऱ्या दिवशी टकळी शाळेतून आली तर खिडकीजवळ खुर्ची होती.

लाकडी, हातांची, पाठीवर झिजलेली. "कुठून आणली?" तिने विचारलं. आईने तिच्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे. "कुठून म्हणजे? तिथेच तर असते." आई त्या वेळी घरी होती, हेही टकळीला उशिरा सुचलं. लॅब तर सहाला सुटायची.

"सुट्टी घेतलीस?"

"कसली सुट्टी?" आई गोड हसली. टकळीची आई दमलेली हसायची, कुत्सित हसायची, बाबांवर हसायची. गोड कधी हसत नसे. दारामागच्या खुंटीवर तिचा पांढरा कोट नव्हता.

टकळीने फोन काढला. कशाला काढला ते तिलाही सांगता आलं नसतं. रिकाम्या खुर्चीवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, पाटी होती: "ग्रँडफादर".

तिने अ‍ॅप पुसून टाकलं. फोन बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. आत्याला सांगितलं. आत्या भडकली होती, पण दुसऱ्याच कारणाने. "तुझ्या आईला काय झालंय? सकाळपासून तीनदा चहा केला. एकदाही मला विचारलं नाही. माझ्यावर रुसायचं तर तोंडाने रुसा ना!"

"आत्या, खुर्ची बघितलीस?"

"बघितली. तुझ्या बाबाने आणली असेल कुठून तरी उचलून. त्याला लहानपणापासून खोड आहे."

म्हणजे आत्याला माहीत होतं, की खुर्ची नवी आहे. टकळीला एवढं हायसं वाटलं की ती आत्याच्या गळ्यातच पडली. "अगं, काच! काच आहे हातात!" आत्या ओरडली.

गुरुवारी आजोबा आले.

आले म्हणजे, टकळी दार उघडून आत शिरली तेव्हा ते होतेच. खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून, हातात पेपर. पांढरे केस, खाकी स्वेटर, पाठमोरे. टकळी दारातच उभी राहिली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती, पुन्हा पुन्हा घरघरत होती.

"कोण आहेत हे?" ती आईच्या कानात म्हणाली.

"अगं, हळू बोल. आजोबांना ऐकू जाईल."

"मला आजोबा नाहीत!"

"असं बोलतात का?" आई म्हणाली. रागावली नाही. गोडच म्हणाली. टकळीला वाटलं, हिने आत्ता एक थोबाडीत दिली असती तर किती बरं झालं असतं.

ती अर्धा तास त्या पेपरकडे बघत राहिली. पान उलटलं नाही. वाऱ्याने कोपरा हलला, तेवढाच.

रात्रीच्या जेवणाला टेबलावर चार ताटं होती. आत्या येऊन उभी राहिली, तिने ताटं मोजली. मग आत्याने स्वतः जाऊन पाचवं ताट आणलं आणि दाणकन ठेवलं. आई-बाबांनी मान वर केली नाही. बाबा हसत हसत आजोबांना म्हणाले, "वारा आला वाटतं."

"मी आले!" आत्या म्हणाली. "वारा नाही, मी आलेय!"

कोणी बघितलं नाही. टकळीने टेबलाखाली आत्याचा हात धरला. हात गार होता, पण हात होता. बोटाला काचेच्या भुकटीचा खरखरीतपणा होता.

"उद्यापासून तीन दिवस शाळेला सुट्टी आहे. सोमवारी सरांकडे जाते," टकळी म्हणाली. "त्या यंत्रात खरं भरायला लावते. माझ्यामुळे झालंय हे. मी तुझं नाव गाळलं."

"यंत्राने काय होतंय डोंबल," आत्या म्हणाली, पण तिने हात सोडवून घेतला नाही.

सोमवारपर्यंत वेळच मिळाला नाही. शनिवारी दुपारी टकळी मागच्या खोलीत गेली तर तिथे खोकी होती. एकावर एक, छतापर्यंत, धूळ बसलेली. चष्मे नव्हते, काच घासायचं चाक नव्हतं, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता नव्हता.

"बाबा, आत्या कुठे गेली?"

"कुणाची?"

"माझी आत्या! तुमची बहीण!"

बाबांनी जरा आठवून बघितलं. खरोखर प्रामाणिकपणे आठवून बघितलं, तेच फार वाईट होतं. "मला बहीण नाही गं," ते म्हणाले. "असती तर छान झालं असतं."

टकळी चपला न घालता लिंबूच्या घरी पळाली. दोन गल्ल्या पलीकडे. लिंबूची ताई दिवसभर बेसूर गाणी म्हणायची, ती कोपऱ्यापासून ऐकू यायची. आज आली नाही. लिंबूने दार उघडलं. तिच्या मागे, खिडकीजवळ, खुर्ची होती. पांढरे केस, खाकी स्वेटर, पाठमोरे. पेपर तोच. वाऱ्याने कोपरा हलला, तोच.

"ताई कुठाय?"

"कुठली ताई?" लिंबू म्हणाली. गोड. लिंबू, गोड!

परतताना टकळीने वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. आपल्या वर्गातलं कोण कुठे राहतं ते तिला पाठ होतं, कारण ती सगळ्यांकडे गप्पा मारायला जायची. पिवळ्या इमारतीत दुसरा मजला. औषधाच्या दुकानावर. वळणावरचं जाळीच्या गॅलरीचं घर. प्रत्येक खिडकीत एक पांढरं डोकं, मागे वळलेलं नाही, पुढे वाकलेलं नाही. सगळे खिडकीकडे तोंड करून बसलेले होते, म्हणजे रस्त्यावरून त्यांचे चेहरे दिसायला हवे होते. पण इकडूनही पाठच दिसत होती.

सोमवारी शाळा भरायच्या आधी तिने चार्जर सरांना जिन्यात गाठलं.

"सर, माझं उत्तर बदला. आत्ताच्या आत्ता."

"तुला हिरवा ठिपका मिळालाय. हिरवा! तो घालवायचाय तुला?"

"हो."

सरांनी तिच्याकडे बघितलं. एरवी त्यांनी तिला हाकललं असतं. पण ही मुलगी रडत होती, आणि नेहमीची बडबड सोडून नुसतं 'हो' म्हणत होती, हे त्यांना फारच चमत्कारिक वाटलं असावं. ते प्रयोगशाळा उघडून संगणकासमोर बसले. "एकट्या तुझ्यासाठी वेगळं उत्तर भरता येतं. पण पाच ओळी. त्यापेक्षा जास्त हे घेत नाही. बोल."

"पाचच?"

"मी नाही बनवलं ते! बोल लवकर, घंटा होईल."

टकळीने बोटांवर मोजलं. आम्ही चौघं आहोत, आई, बाबा, आत्या आणि मी. ही एक झाली. आई लॅबमध्ये काम करते, दोन. बाबा ऑफिसात काम करतात, तीन. आत्या चष्मे दुरुस्त करते, चार. सर दोन बोटांनी टाइप करत होते, प्रत्येक अक्षराला उसासा टाकत.

"पाचवी 'आमचं कुटुंब सुखी आहे' ठेवतो. तपासणीला बरं दिसतं."

"नको!" टकळी ओरडलीच. तिच्या डोळ्यांसमोर आईचं ते हसू आलं. मग आत्या आली, कपाळावरचा चष्मा, खरखरीत बोटं, भर दुपारी बसून केलेल्या थट्टा, आजारात रात्रभर उशाशी बसणं, ते सगळं एका ओळीत कसं बसवायचं? ती विचार करत राहिली आणि सरांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं.

"आत्या मला रागावते," ती म्हणाली. "हे लिहा."

"हे काय वाक्य आहे?"

"लिहा ना, सर."

त्यांनी लिहिलं. बटण दाबलं. तेव्हा तिला लिंबूची ताई आठवली. "आणि सर, लिंबूचं पण..."

"चाळीस जणांचं वेगवेगळं? तुला माझी दया येत नाही का? तपासणी होऊ दे. हेडसेट घे. बारा टक्के चार्ज आहे, पटकन आटप."

हेडसेट गार होता. पट्ट्याला अनेकांच्या घामाचा वास होता.

खोली. पिवळ्या भिंती. टेबल.

हिरवी बाई.

"टेल मी अबाउट युवर फॅमिली." मान कलली. ओठ विलग झाले.

टकळीला वाटलं, मागे कुणीतरी खोकलं.

सरांनी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. तरी ती वळली.

मागच्या भिंतीला लागून खुर्च्यांची रांग होती. त्या छोट्या खोलीत मावेल त्यापेक्षा लांब. खुर्च्यांवर माणसं बसली होती, मांडीवर हात ठेवून, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसतात तशी. एक म्हातारी. कुशीत जुळी बाळं घेतलेला एक काका. लिंबूची ताई, तोंड मिटून.

शेवटून तिसऱ्या खुर्चीवर आत्या होती. कपाळावर चष्मा. तिने टकळीला बघितलं आणि तिचे ओठ हलले. भराभर हलले, अगदी तळमळून. आवाज आला नाही.

ती मान हलवत होती. नाही, नाही, अशी.

"टेल मी अबाउट युवर फॅमिली," मागून हिरवी बाई म्हणाली.

कोपऱ्यात बॅटरीचा लाल आकडा लुकलुकत होता. तीन टक्के.

टकळी वळली. पाच ओळी म्हणाली. मोठ्याने, स्पष्ट, एकही न अडखळता, जशा आत्याने शिकवल्या असत्या.

"वेल डन."

तिने पुन्हा मागे बघितलं. शेवटून तिसरी खुर्ची रिकामी होती. मग अंधार झाला.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा जिन्यातूनच ऐकू आलं, "ही काय वेळ झाली यायची? आणि तो शर्ट बघ, शाई सांडलीस ना पुन्हा?" टकळीने दप्तर फेकलं आणि मागच्या खोलीत धाव घेतली. चाक होतं. तक्ता होता. आत्या होती, कपाळावर एक चष्मा, डोळ्यांवर दुसरा. खिडकीजवळ फक्त फरशी होती. टकळी आत्याला मिठी मारून हुंदके देत राहिली आणि आत्या वरून तिला झापत राहिली, नखं कापली नाहीस, केस विंचरले नाहीस, दप्तर असं फेकतात का. इतकं गोड टकळीने आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. सहानंतर आई लॅबमधून आली. बाबा ऑफिसातून आले. आईचा कोट आणि बाबांची बॅग पाठोपाठ खुंटीला लागली.

मंगळवारी टकळीला आत्याला सगळं सांगायचं होतं. त्या खुर्च्यांचं. तू मान का हलवत होतीस, हे विचारायचं होतं. "शाई सांडलीस ना पुन्हा?" आत्या म्हणाली. टकळीने शर्ट बघितला. स्वच्छ होता.

बुधवारी तिने आत्याला वर्गातला विनोद सांगितला. आत्या थांबून ऐकत राहिली. हसली नाही. मग म्हणाली, "केस विंचरले नाहीस."

गुरुवारी टकळीला ताप आला. कपाळावर हात ठेवायला कुणी आलं नाही. आई लॅबमध्ये गेली, बाबा ऑफिसात गेले. मागच्या खोलीतून आत्या तिच्या नखांवरून तिला रागावत राहिली.

रविवार उजाडला. बाबांनी बॅग उचलली. आईने कोट घातला.

"आज रविवार आहे," टकळी म्हणाली.

"ऑफिसला जातो," बाबा म्हणाले.

"लॅबला जाते," आई म्हणाली. दार लागलं.

टकळी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत्या तिच्याकडे तोंड करून बसली होती, हातात चष्मा, त्याची काडी वाकवत. वाकवून सरळ करत, पुन्हा वाकवत.

"ही काय वेळ झाली यायची?"

"अगं, पण आत्या..." टकळी सुरू झाली.

आत्या थांबली. तिची मान जराशी कलली.

टकळीने वाक्य तोडलं. ओठ घट्ट मिटले. मग एक पाऊल मागे घेतलं, अगदी हळू, फरशीवर आवाज होऊ न देता. अजून एक. आत्याची नजर हलली नाही. जिथे टकळीचा चेहरा होता, तिथेच राहिली. टकळी बोळातून मागे मागे सरकत बाहेरच्या दारापर्यंत गेली, आणि तिथे भिंतीला टेकून उभी राहिली.

आतून आवाज येत होता. नखं, केस, दप्तर. मग तो थांबला. कुणीतरी "अगं, पण" म्हणेल एवढा वेळ थांबला.

"उलट बोलू नकोस," आत्या रिकाम्या दाराला म्हणाली.